वाडगा उचलून नेणारा पाहुणा

आदरणीय अध्यक्ष आगा बहमन शैबानी, आज ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो आहोत ते उस्ताद हबीबुल्ला नतंझी, व्यासपीठावरील मान्यवर, तेहरान आणि इस्फहानहून वाट वाकडी करून आलेली संग्राहक मंडळी, आपल्या काशानच्या कुंभार-नक्षीकार संघाचे सर्व सभासद, समोर बसलेल्या माताभगिनी, आणि पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडे रोखून बघणारी माझी आई, तूबा खानूम, सर्वांना माझा सलाम.

मला विषय दिला आहे तो असा: 'इराणी नक्षीदार भांडी आणि संग्राहकांना त्यांची वाटणारी ओढ.' वेळ दिली आहे दहा मिनिटं. अध्यक्षांनी घड्याळ काढून समोर ठेवलं आहे, ते मला दिसतं आहे. घड्याळ स्विस म्हणवतं, पण आगा बहमन, काटे मला जरा वेगळे वाटतात. असो.

हसू नका. तीस वर्षं मी पारख करतो, आणि संशय हा माझ्या धंद्याचा भाग आहे. मघाशी उस्तादांना द्यायची ती निळी फुलदाणी माझ्या शेजारी ठेवली होती. बसल्या बसल्या मी तिला नखाने दोनदा वाजवून पाहिलं. भांडं अखंड असेल तर आवाज घुमतो. सांधलेलं असेल तर खोकल्यासारखा येतो. फुलदाणी अखंड आहे. संघाचं अभिनंदन.

आता ओढ. ज्या भांड्यांवरून काशानचं नाव जगभर गेलं, ती सोनेरी चकाकीची भांडी. मातीला सोनं करायचं, आणि तेही सोन्याचा कणही न वापरता. भांडं दोनदा भाजून झाल्यावर त्यावर तांबं आणि चांदी खललेला रंग लावायचा, तिसऱ्यांदा भट्टीत घालायचं, आणि आतली हवा अशी कोंडायची की धुरानेच रंग पिकावा. बाहेर काढल्यावर ते काळंकुट्ट दिसतं. मग अंगठ्याने घासायचं. घासता घासता खालून ती चकाकी वर येते. दहा भांड्यांत दोन साधली तर कुंभार त्या रात्री शांत झोपतो.

आणि संग्राहक? तो मात्र कधीच शांत झोपत नाही. असं भांडं सातशे वर्षांपूर्वीचं असेल, तर त्यासाठी माणूस दुकान विकतो, भावाशी बोलणं टाकतो. त्याला ते आवडतं म्हणून? थोडंसं म्हणून. पण खरी गोडी ही की शेजाऱ्याकडे ते नाही. इथे बसलेल्या संग्राहकांनी रागावू नये. मी संग्राहकाचाच मुलगा आहे.

माझे वडील, हाजी इनायतुल्ला गुलाबची. गुलाबपाण्याचे व्यापारी. आपल्यातले जुने लोक त्यांना ओळखत होते. आमच्या बैठकीच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला एक कोनाडा आहे, आणि त्या कोनाड्यात एक वाडगा असे. तळाशी चित्रातलं छोटं तळं, तळ्यात तीन मासे, काठावर दोन चंद्रमुखी माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. दर शुक्रवारी सकाळी वडील तो वाडगा खिडकीशी नेत आणि उन्हात हळूहळू फिरवत. आधी शेवाळी, मग तांबूस, मग एकदम सोनं. त्या वेळी आम्ही मुलांनी शिंकायचंसुद्धा नाही. तिसऱ्या माशाला डोळा नव्हता. वडील पाहुण्यांना सांगत, "सातशे वर्षांत झिजला बिचाऱ्याचा डोळा." पाहुणे च्च च्च करत. मीही करत असे.

त्या वाडग्याचं पुढे काय झालं हे इथल्या काशानकरांपैकी कोणाला माहीत नाही? हात वर करा. बघा. एकही नाही.

तरी सांगतो, कारण तेहरानच्या पाहुण्यांना माहीत नसेल. एकतीस वर्षांपूर्वीचा वसंत. शुक्रवार. वडिलांनी संघातल्या दहाबारा जणांना जेवायला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तेहरानहून डॉक्टर फर्रोखनिया येणार होते. जुन्या भांड्यांत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. ते वाडगा पाहणार, छापील सूचीत घेणार, मग प्रदर्शन. वडील आठवडाभर हवेत चालत होते. त्या जेवणाला पहिल्यांदाच हे उस्ताद नतंझी आमच्या घरी आले. तेव्हा ते चाळिशीचे, फुटकी भांडी सांधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गोश्त-लूबिया वाढून झालं होतं. हे मध्येच उठले, कोनाड्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वा हाजी आगा! काय वाडगा आहे हो!"

आता पाहुण्याने वस्तूची तारीफ केली की घरधनी काय म्हणतो? वडील म्हणाले, "पेशकश! तुमचाच आहे. तुमच्यापुढे वाडग्याची काय किंमत?"

आणि पाहुणा काय म्हणतो? "छे छे, ज्याचा त्यालाच शोभतो." मग यजमान पुन्हा आग्रह करतो, पाहुणा पुन्हा नकार देतो, चहा येतो. शेजाऱ्याच्या कोटाची तारीफ केली म्हणून कोट घेऊन घरी गेलेला माणूस काशानात कधी कोणी पाहिला आहे का?

उस्ताद नतंझी म्हणाले, "आपली मेहेरबानी." खिशातून मोठा चौकड्यांचा रुमाल काढला, वाडगा त्यात बांधला आणि काखेत मारला.

चमचे जागच्या जागी थांबले. कोणी तोंडात बोट घातलं, कोणी ताटात बघू लागलं. वडील हसले. ते हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले, वर गुलाबपाण्याची एक सुरई बरोबर दिली. मी सत्तावीस वर्षांचा होतो. मला तो रुमाल हिसकावून घ्यावासा वाटत होता. आई चहाचं तबक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तबक ठेवलं आणि चहा ओतायला लागली. एक थेंब सांडला नाही. हे मला आठवत होतं, सगळं आठवत होतं. पण त्याचा अर्थ लावायचं मला सुचलं नाही.

डॉक्टर शनिवारी आले. वडील म्हणाले, "काल एका मित्राला देऊन टाकला." डॉक्टर उठून उभे राहिले आणि त्यांनी आदराने वडिलांच्या खांद्याचं चुंबन घेतलं. त्या दिवसापासून माझे वडील काशानातले सगळ्यात दिलदार माणूस ठरले. सातशे वर्षांचा वाडगा एका शब्दावर देणारे हाजी आगा! आणि उस्ताद? उस्ताद ठरले 'उस्ताद पेशकश'. मागून म्हणत होतात, समोरही म्हणत होतात. मीही म्हटलं आहे.

आपण त्यांचं काय केलं, ते आज निरोपाच्या दिवशी आठवायला हरकत नाही ना? भांडी सांधायला आपण त्यांच्याकडेच जात होतो, कारण दुसरा कोणी नव्हता. पण जेवायला? गेल्या एकतीस वर्षांत उस्ताद नतंझींना कोणी घरी जेवायला बोलावलं होतं? कुठे मयतीला, बारशाला ते आलेच तर बायका चांगल्या रकाब्या आत नेऊन ठेवत. सहा वर्षांनी माझे वडील गेले, तेव्हा हे सांत्वनाला आले. मी यांच्यासमोर, यांच्या डोळ्यांदेखत, चांदीच्या कोंदणात बसवलेले चहाचे पेले उचलून काचेच्या कपाटात ठेवले आणि किल्ली फिरवली. यांनी ते पाहिलं. फातिहा म्हटला आणि गेले. याच सत्काराच्या यादीत यांचं नाव याआधी दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा ते मी खोडलं. अध्यक्ष साक्षीला आहेत.

उस्ताद, बसा. कृपा करून उठू नका. मला माहीत आहे, तुम्ही मला शपथ घातली होती.

गेल्या महिन्यात उस्तादांनी दुकान बंद केलं. डोळ्यांनी साथ सोडली. त्या आठवड्यात एका दुपारी आमची कडी वाजली. दारात हे, आणि हातात तोच चौकड्यांचा रुमाल. मी म्हटलं, "आत या." तोंडदेखलं म्हटलं. हे उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"सियावश आगा, हे तुमचं. वडिलांच्या हयातीत आणून देता आलं नाही."

"आणि आज कसं काय सुचलं?"

"आता मला तो दिसत नाही," म्हणाले. "बोटांना मासे लागतात, माणसं लागतात. चकाकी बोटांना लागत नाही. मग माझ्याकडे राहून काय उपयोग?"

एवढं बोलून निघून गेले. दुसरा कोणी असता तर त्यांच्यामागे धावला असता. माझ्या मनात काय आलं? शंका! म्हटलं, एकतीस वर्षांनी वाडगा परत? चोराच्या मनात चांदणं. याने अस्सल कधीच विकून खाल्ला असणार, आणि आता मरताना नाव धुऊन घ्यायला नक्कल आणून दिली असणार. नक्कल करायला काशानात याच्याइतका हात आहे तरी कोणाचा?

वाडगा मेजावर घेतला. नखाने वाजवला. खोकला! भिंग लावलं. बुडाशी, पायथ्याच्या कड्यात, एक सांधा. सांध्याला सुईचं टोक लावलं, कणभर माती निघाली. पांढरीशुभ्र. मंडळी, सातशे वर्षं जमिनीत पुरलेल्या मातीला ओल लागते, क्षार लागतात, आतून ती पिवळी पडते. ही ताज्या साखरेसारखी होती. मी अक्षरशः टाळी वाजवली. पकडला! उस्ताद पेशकशला पुराव्यासकट पकडला! आजचा हा कार्यक्रम तोवर ठरला होता, पत्रिका छापून झाल्या होत्या. मी ठरवलं, याच व्यासपीठावर, भर सभेत, वाडगा वर धरून सांगायचं.

आणि त्याच धुंदीत मी आईला हाक मारली. "मादर जान, ये, बघ! तुझ्या नवऱ्याचा वाडगा विकून या लुच्च्याने नक्कल आणून दिली आहे. हा सांधा बघ!"

आईने चष्मा लावला. वाडगा उलटा केला. नख सांध्यावर ठेवलं. आणि म्हणाली, "लुच्चा तू. हा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा आणि चुन्याचा सांधा माझ्या हातचा आहे."

मला आधी वाटलं, वयाचा परिणाम. शहाऐंशीची आहे.

"बस खाली," म्हणाली. "तुझ्या बापाचा हाच वाडगा. त्या वर्षी नवरोजच्या आधी घर झाडताना माझ्या हातून कोनाड्यातून पडला. कड्याचा टवका उडाला. तुझा बाप बाजारात होता. मी टवका उचलून चिकटवायला घेतला, आणि आतली माती बघितली. मी कुंभाराची मुलगी आहे, पोरा. तुम्ही वरची नक्षी बघता, मी तुटलेली कड बघते. वाडगा दहापंधरा वर्षांपलीकडचा नव्हता."

"आणि तू बाबांना सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तुम्ही अकरा वर्षं दर शुक्रवारी ज्याच्यापुढे श्वास धरता ते खोटं आहे म्हणू? दुकानदाराने त्यांना फसवलं होतं. आणि आठवड्यात तो तेहरानचा डॉक्टर येणार. तो पायथा बघणार, सांधा बघणार, माती बघणार आणि सगळ्या गावासमोर बोलणार. तुझा बाप त्यानंतर बाजारात गेला असता का? मेला असता तो."

मी विचारलं, "मग नतंझी मध्ये कुठून आले?"

तिने वाडगा सुलटा केला आणि तिसऱ्या माशावर बोट ठेवलं. "आमच्या वडिलांच्या भट्टीत शेवटच्या माशाला डोळा काढत नसत, नजर लागू नये म्हणून. हबीब तिथेच हात शिकला. टवका बघून कळलं नवा आहे, मासा बघून कळलं कोणाचा आहे. त्याने अठ्ठाविसाव्या वर्षी बनवला, नवा म्हणूनच विकला. त्या दुकानदाराने शेणखतात पुरला, मीठ चोळलं आणि सातशे वर्षांचा केला. मी हबीबला निरोप धाडला, शुक्रवारी जेवायला ये. वाडग्याची तारीफ कर. ते 'पेशकश' म्हणतील. म्हणतीलच. म्हणाले की उचल आणि चालू लाग. दिलेला शब्द ते परत घेणार नाहीत, आणि डॉक्टर रिकामा कोनाडा बघेल."

मंडळी, काखेत कळसा आणि गावाला वळसा! जगातल्या भांड्यांवर मी संशय घेतला. दुकानदारांवर, संग्रहालयांवर, अध्यक्षांच्या घड्याळावर. चहा ओतताना जिचा हात कापला नाही, त्या माझ्या आईवर मात्र एकदाही नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मी दुसऱ्या दिवशी उस्तादांच्या घरी गेलो आणि दारातच विचारलं, "हे तुम्ही माझ्या वडिलांची अब्रू वाचवायला केलंत, की स्वतःची कातडी? डॉक्टरांनी वाडगा खोटा ठरवला असता तर बनवणारा हातही शोधला गेला असता. दुकान गेलं असतं तुमचं."

ते म्हणाले, "निम्मं त्यांच्यासाठी, निम्मं माझ्यासाठी. त्यातलं मोठं निम्मं कुठलं ते विचारू नका. मी एकतीस वर्षं मोजतो आहे, मलाही जमलेलं नाही."

खोटं बोलायचं असतं तर माणूस 'सगळं त्यांच्यासाठी' म्हणाला असता. माझ्या पारखीच्या आयुष्यात इतका अखंड आवाज मी थोड्याच वेळा ऐकला आहे.

मग त्यांनी मला शपथ घातली, की हे बाहेर बोलायचं नाही. म्हणाले, "हाजी आगांचं नाव राहू दे. मला सवय झाली आहे." मी शब्द दिला. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. "त्याला सवय झाली, मला नाही झाली! तुझा बाप गेला तेव्हा म्हटलं, चाळिसावा दिवस झाला की सांगेन. मग म्हटलं, वर्ष झालं की सांगेन. मग भीती वाटली, लोक म्हणतील तूबाने नवऱ्याला गंडवलं. भित्री मी. दर नवरोजला मागच्या दाराने त्याच्याकडे मिठाईचं ताट पाठवत राहिले, जशी काही त्याने फेड होते. मी गेल्यावर सांगशील तर तुझ्यावर कोण विश्वास ठेवेल? मी समोर बसलेली असताना सांग. नाही सांगितलंस तर मी उठून सांगेन, आणि मला दहा मिनिटं पुरणार नाहीत."

तेव्हा उस्ताद, मी तुमची शपथ मोडली आहे. जन्मदात्रीपुढे माझं काही चाललं नाही.

तेहरानच्या पाहुण्यांनो, तुमच्यातल्या दोघांच्या चेहऱ्यावर मला दिसतं आहे, की आता हाजी इनायतुल्लांचं नाव पुसलं गेलं. वस्तू पारखण्यात वडील चुकले, हे मी मुलगा म्हणून भर सभेत कबूल करतो. बोलताना जड जातं आहे. पण त्या शुक्रवारी त्यांच्या लेखी तो वाडगा सातशे वर्षांचाच होता. तो त्यांनी दिला आणि मरेपर्यंत एकदाही मागितला नाही, दिल्यावर तोंड वाकडं केलं नाही, घेणाऱ्याला वाईट बोलले नाहीत. मी बोललो. त्यांनी मला दोनदा गप्प केलं होतं.

वाडगा आज मी आणला आहे. या रुमालात आहे. उद्या सकाळी तो पूर्वेच्या कोनाड्यात परत जाईल, आणि खाली पाटी लागेल: 'कारागीर उस्ताद हबीबुल्ला नतंझी, काशान.' संग्राहकांनी विचारायला येऊ नये. विकायचा नाही. आणि कोणाला त्याच्या वयाची शंका असेल तर ती बरोबर आहे.

अध्यक्ष महाराज, आपण घड्याळ उचलून खिशात घातलंत, आभारी आहे. संघाचे आभार, श्रोत्यांचे आभार, आणि आई, तुझेही. आता डोळे पूस, सगळे बघत आहेत.

भाषणाच्या शेवटी उणंअधिक बोललो असल्यास क्षमा मागायची रीत आहे. मी ती दर वर्षी याच माइकवर मागतो आणि खाली उतरून विसरतो. आज मागतो आहे ती या भाषणापुरती नाही. चांदीच्या कोंदणातले ते पेले, ती फिरवलेली किल्ली, ती दोनदा खोडलेली ओळ, आणि तुमच्या पाठीमागे म्हटलेलं ते नाव. उस्ताद, जमलं तर क्षमा करा. नाही जमलं तरी येत्या शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायला या. आई गोश्त-लूबिया करणार आहे. काचेचं कपाट उघडं ठेवून त्याची किल्ली मी काल विहिरीत टाकली.

या, आणि घरातलं जे आवडेल त्याची खुशाल तारीफ करा.